एकाच सर्व्हरवर अनेक युजर: प्रत्येकाला वेगळी वेब स्पेस आणि मर्यादित एसएफटीपी ॲक्सेस कसा द्यायचा?

समजा तुम्ही एक छोटा व्हीपीएस घेतला आहे. त्यावर गावातल्या शाळेची वेबसाइट आहे, एका मिठाईच्या दुकानाची आहे आणि गणेशोत्सव मंडळाचीही आहे. तिघांनाही आपापल्या फाइल्स स्वतः अपलोड करायच्या आहेत. सुरुवातीला सोपं म्हणून तुम्ही एकच लॉगिन सगळ्यांना दिलं. मग एक दिवस मंडळाच्या मुलाने फोटो टाकताना चुकून शाळेचं फोल्डर डिलीट केलं. किंवा त्याहून वाईट म्हणजे मंडळाच्या साइटवरच्या जुन्या प्लगइनमधून कोणीतरी आत शिरलं आणि तिन्ही साइट्स एकाच रात्रीत बिघडल्या.

हे टाळायचं तर प्रत्येकाला स्वतःची जागा आणि फक्त त्या जागेपुरताच प्रवेश द्यावा लागतो. बहुतेक जण यासाठी एसएफटीपीला कुंपण घालतात आणि काम झालं असं समजतात. खरं तर घराला दोन दरवाजे आहेत. एक फाइल ट्रान्सफरचा आणि दुसरा खुद्द वेब सर्व्हरचा. पहिला बंद करून दुसरा उघडा ठेवला तर कुंपणाचा फारसा उपयोग नाही. या लेखात आपण दोन्ही दरवाजे बघणार आहोत.

एक सूचना: लेखात कमांड आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. उदाहरणं उबंटू सर्व्हर, ओपनएसएसएच आणि अपाची धरून आहेत.

आपल्याला नेमकं काय साधायचं आहे?

१. प्रत्येक युजरचं वेगळं फोल्डर आणि वेगळं डोमेन.
२. युजरला फक्त फाइल्स चढवता-उतरवता याव्यात, सर्व्हरवर कमांड चालवता येऊ नयेत.
३. एकाला दुसऱ्याच्या फाइल्स दिसू नयेत, ना एसएफटीपीतून ना वेबसाइटच्या कोडमधून.
४. एकाने सगळी डिस्क भरून बाकीच्यांना अडचणीत आणू नये.

एफटीपी, एफटीपीएस की एसएफटीपी?

नावं सारखी असल्यामुळे इथे बराच गोंधळ होतो.

एफटीपी हा इंटरनेटच्याही आधीचा, आर्पानेटच्या काळातला प्रोटोकॉल. त्याचा पहिला मसुदा १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून शिकून ते अमेरिकेत एमआयटीला गेले होते. त्या काळी नेटवर्कवर मोजकीच आणि ओळखीची माणसं होती, त्यामुळे पासवर्ड उघडाच पाठवला जायचा. आजही साध्या एफटीपीत युजरनेम, पासवर्ड आणि फाइल्स कोणत्याही एन्क्रिप्शनशिवाय जातात. वाटेत कोणी ऐकत असेल तर त्याला सगळं जसंच्या तसं वाचता येतं. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरनी एफटीपीचा आधार काढून टाकला.

एफटीपीएस म्हणजे तोच जुना एफटीपी, पण टीएलएसच्या आवरणात. सुरक्षित आहे, मात्र डेटासाठी वेगळे पोर्ट लागतात आणि फायरवॉलमध्ये त्यांची सोय करावी लागते.

एसएफटीपी हा नावात एफटीपी असूनही पूर्णपणे वेगळा प्रोटोकॉल आहे. तो एसएसएचच्या आतून चालतो. एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी तयार केलं, त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर. एसएफटीपीला एकच पोर्ट पुरतं, साधारणपणे २२. बहुतेक लिनक्स सर्व्हरवर ओपनएसएसएच आधीच असतं, म्हणजे वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. युजरच्या बाजूला फाइलझिला किंवा विनएससीपी दोन्ही चालतात. म्हणून आपण एसएफटीपी वापरू.

पायरी १: फोल्डरची रचना

आधी कागदावर रचना काढा. पुढच्या निम्म्या अडचणी इथेच सुटतात. आपली रचना अशी ठेवू:

- /एसआरव्ही/साइट्स/शाळा : बाहेरचं फोल्डर. मालक रूट युजर, परवानगी ७५५.
- त्याच्या आत 'वेब' : जगाला दिसणाऱ्या फाइल्स. मालक 'शाळा' युजर, ग्रुप वेब सर्व्हरचा, परवानगी ७५०.
- त्याच्या आत 'खासगी' : बॅकअप, कागदपत्रं, जे वेबवर दिसायला नको ते. मालक 'शाळा' युजर, परवानगी ७००.
- त्याच्या आत 'टीएमपी' : अपलोड होताना लागणाऱ्या तात्पुरत्या फाइल्स आणि सेशन. मालक 'शाळा', परवानगी ७००.

'मिठाई' आणि 'मंडळ' यांची रचना अगदी अशीच.

आता हे आकडे. पहिला आकडा मालकासाठी, दुसरा ग्रुपसाठी, तिसरा बाकी सगळ्यांसाठी. वाचायला ४, लिहायला २ आणि फोल्डरमध्ये शिरायला किंवा फाइल चालवायला १. यांची बेरीज म्हणजे परवानगी. ७५० म्हणजे मालकाला सगळं, ग्रुपला वाचायला आणि शिरायला, बाकीच्यांना काहीच नाही.

'वेब' फोल्डरचा ग्रुप उबंटूवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा हा ठेवायचा, कारण अपाची त्याच नावाने चालतो. रेड हॅट कुटुंबात तो ग्रुप अपाची नावाचाच असतो. यामुळे वेब सर्व्हरला शाळेच्या फाइल्स वाचता येतात, पण 'मिठाई' आणि 'मंडळ' या युजरना शिरता येत नाही. मुख्य दारातच अडवलं असल्यामुळे आतल्या फोल्डरना नेहमीच्या ७५५ आणि फाइल्सना ६४४ या परवानग्या चालतात. वाड्याचा दिंडीदरवाजा बंद असला की आतल्या खोल्यांना रोज कुलूप लावावं लागत नाही, तसंच.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: काही चालत नाही म्हणून ७७७ देणं. त्याने अडचण सुटल्यासारखी वाटते, कारण तुम्ही दरवाजाच काढून ठेवलेला असतो.

पायरी २: युजर आणि ग्रुप

'एसएफटीपीओन्ली' नावाचा एक ग्रुप ग्रुपॲड कमांडने तयार करा. मग युजरॲडने तिन्ही युजर तयार करून त्यांना या ग्रुपमध्ये टाका. युजर तयार करताना त्याचं शेल म्हणून 'नोलॉगिन' द्या. म्हणजे कोणी एसएसएचने शिरायचा प्रयत्न केला तरी त्याला कमांड लाइन मिळणार नाही.

या युजरना डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा ग्रुपमध्ये मात्र टाकू नका. बऱ्याच ठिकाणी हाच सल्ला दिलेला दिसतो आणि तो सगळ्या रचनेवर पाणी फिरवतो. तिघेही एकाच ग्रुपमध्ये गेले की तिघांनाही एकमेकांचं 'वेब' फोल्डर वाचता येतं.

पासवर्डपेक्षा एसएसएच की वापरणं चांगलं. युजर तांत्रिक नसेल तर पासवर्ड द्या, पण लांब आणि प्रत्येकाला वेगळा. पोर्ट २२ वर दिवसरात्र पासवर्डचे अंदाज लावणारे बॉट येत असतात, म्हणून सोबत फेलटूबॅन लावून ठेवा.

पायरी ३: एसएफटीपीला कुंपण घालणं

इथे कामाला येतं चरूट, म्हणजे 'चेंज रूट'. ही युनिक्समधली १९७९ पासूनची जुनी सोय आहे. एखाद्या प्रोसेसला सांगायचं की हे फोल्डर म्हणजेच तुझ्यासाठी अख्खी डिस्क. त्याच्या बाहेर काही आहे हे तिला कळतच नाही. ओपनएसएसएचमध्ये यासाठीचं सेटिंग २००८ मध्ये आलं. त्याआधी कुंपणाच्या आत लायब्ररी आणि प्रोग्रॅमच्या प्रती हाताने नेऊन ठेवाव्या लागायच्या. आता 'इंटर्नल-एसएफटीपी' एसएसएच सर्व्हरच्या पोटातच असल्यामुळे ती कटकट उरलेली नाही.

एसएसएचडी_कॉन्फिग फाइलमध्ये दोन बदल करायचे. पहिला, 'सबसिस्टम एसएफटीपी' या ओळीत 'इंटर्नल-एसएफटीपी' लिहायचं. दुसरा, फाइलच्या अगदी शेवटी पुढचा भाग जोडायचा:

- मॅच ग्रुप : एसएफटीपीओन्ली
- चरूटडिरेक्टरी : /एसआरव्ही/साइट्स/ आणि पुढे टक्का चिन्ह व यू हे अक्षर. लॉगिन करणाऱ्याचं नाव तिथे आपोआप बसतं.
- फोर्सकमांड : इंटर्नल-एसएफटीपी
- अलाउटीसीपीफॉरवर्डिंग : नो
- एक्स११फॉरवर्डिंग : नो

हा भाग शेवटीच का? 'मॅच' ओळीनंतरची प्रत्येक ओळ फक्त त्या ग्रुपला लागू होते, पुढची 'मॅच' ओळ किंवा फाइलचा शेवट येईपर्यंत. मध्येच टाकलात तर खालची सगळ्यांसाठीची सेटिंग त्या ग्रुपपुरतीच उरतील.

टीसीपी फॉरवर्डिंग बंद करणं अनेक जण विसरतात. शेल बंद असलं तरी हे चालू राहिलं, तर युजर तुमच्या सर्व्हरमधून बोगदा काढू शकतो आणि फक्त आतून उघडा असलेला डेटाबेस पोर्ट आपल्या लॅपटॉपवर आणू शकतो.

सर्व्हिस रीस्टार्ट करण्याआधी 'एसएसएचडी मायनस टी' ही कमांड चालवा. कॉन्फिगमध्ये चूक असेल तर ती सांगते. आणि आत्ता उघडं असलेलं तुमचं एसएसएच सेशन बंद करू नका. दुसऱ्या विंडोत नवीन लॉगिन होतंय हे बघा, मगच पहिलं बंद करा. नाहीतर स्वतःच्याच सर्व्हरबाहेर अडकायची वेळ येते.

बाहेरचं फोल्डर रूटच्या मालकीचं का?

सगळ्यात जास्त लोक इथेच अडतात. नियम असा: चरूटचं फोल्डर आणि त्याच्यापर्यंतच्या वाटेवरचं प्रत्येक फोल्डर रूट युजरच्या मालकीचं हवं, आणि दुसऱ्या कोणत्याही युजरला किंवा ग्रुपला त्यात लिहायची परवानगी नको. हे पाळलं नाही तर पासवर्ड बरोबर असूनही कनेक्शन लगेच तुटतं.

कारण सुरक्षेचं आहे. कुंपणाच्या मूळ फोल्डरमध्ये युजरला लिहिता आलं, तर तो तिथे स्वतःचं 'ईटीसी' फोल्डर तयार करून खोटी पासवर्ड फाइल ठेवू शकतो. मोठ्या अधिकाराने चालणारा एखादा प्रोग्रॅम ती खरी समजून फसू शकतो. अशा खेळांना जागाच नको म्हणून ओपनएसएसएच सरळ नकार देतो.

म्हणूनच आपण दोन मजली रचना केली. बाहेरचं फोल्डर रूटचं, आतलं 'वेब' युजरचं. युजरने लॉगिन केल्यावर त्याला 'वेब', 'खासगी' आणि 'टीएमपी' एवढीच फोल्डर दिसतील. त्याने थेट बाहेरच्या फोल्डरमध्ये फाइल टाकायचा प्रयत्न केला तर नकार मिळेल. "आधी वेब फोल्डर उघडा, मग अपलोड करा" हे त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. अर्धे फोन वाचतील.

पायरी ४: प्रत्येकाचं डोमेन

अपाचीमध्ये प्रत्येक साइटसाठी एक व्हर्च्युअल होस्ट करायचा. आयपी ॲड्रेस एकच असला तरी ब्राउझर मागणीसोबत डोमेनचं नाव पाठवतो, त्यावरून अपाची योग्य फोल्डर निवडतो. प्रत्येक होस्टमध्ये सर्व्हरनेम, डॉक्युमेंटरूट (म्हणजे त्या युजरचं 'वेब' फोल्डर) आणि वेगळी लॉग फाइल द्या. एकाच लॉगमध्ये तिघांच्या चुका मिसळल्या की शोधता शोधता पुरेवाट होते. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सर्टिफिकेटही प्रत्येक डोमेनला घ्या.

डोमेन नसतील, समजा कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सरावासाठी जागा द्यायची असेल, तर अपाचीचं 'युजरडिर' मॉड्यूल आहे. त्यात होम फोल्डरमधलं 'पब्लिक_एचटीएमएल' हे टिल्ड चिन्ह आणि युजरनेम असलेल्या पत्त्यावर दिसतं. मात्र उबंटू २१.०४ पासून होम फोल्डर मुळातच ७५० परवानगीने तयार होतं, त्यामुळे जुन्या मार्गदर्शकाप्रमाणे केलं तर ४०३ एरर येतो. होम फोल्डरला ७११ दिलं की अपाचीला आत जाता येतं, पण बाकीच्यांना आतली यादी दिसत नाही.

दुसरा दरवाजा: वेब सर्व्हर स्वतः

आता मूळ मुद्दा. इथपर्यंत सगळं नीट केलंत तरी 'मंडळ' युजर 'शाळा'च्या फाइल्स वाचू शकतो. कसं ते बघा.

अपाची डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाने चालतो आणि तिन्ही 'वेब' फोल्डर वाचू शकतो. वाचायलाच हवं, नाहीतर साइट दिसणार कशी? जुन्या पद्धतीने, म्हणजे मॉड_पीएचपी वापरून पीएचपी चालवलं, तर तिन्ही साइट्सचा कोडही याच एका नावाने चालतो. मंडळाच्या साइटवर दोन ओळींची पीएचपी फाइल ठेवली आणि तिला शाळेच्या वर्डप्रेसची डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइल वाचायला सांगितलं, तर ती वाचेल. त्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो. एसएफटीपीचं कुंपण इथे लागूच होत नाही, कारण हा कोड एसएफटीपीतून चालत नाही.

यावर उपाय पीएचपी-एफपीएम. पीएचपी ५.३.३ पासून, म्हणजे २०१० पासून, तो पीएचपीचाच भाग आहे. त्यात प्रत्येक साइटसाठी वेगळा 'पूल' करता येतो. प्रत्येक पूलमध्ये एवढं ठरवा:

- युजर आणि ग्रुप: शाळेच्या पूलला 'शाळा', मिठाईच्या पूलला 'मिठाई'.
- लिसन: प्रत्येक पूलचं वेगळं सॉकेट. त्याचा मालक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा आणि परवानगी ६६०. सॉकेट सगळ्यांना उघडं राहिलं तर दुसरा युजर त्यावर मागणी पाठवून तुमच्या नावाने कोड चालवू शकतो.
- सेशन आणि अपलोडची जागा: त्या युजरचं स्वतःचं 'टीएमपी' फोल्डर.
- एकाच वेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस: लहान साइटसाठी ५ पासून सुरू करा. एक प्रोसेस समजा ६० एमबी मेमरी घेत असेल, तर एका साइटचा वरचा खर्च ३०० एमबी. त्यावरून तुमचा व्हीपीएस किती साइट्स झेपवेल याचा अंदाज येतो.

आता मंडळाचा कोड 'मंडळ' या नावाने चालतो आणि शाळेच्या ७५० फोल्डरच्या दारातच अडतो. कोणत्याही खास सुरक्षा सॉफ्टवेअरशिवाय, लिनक्सच्या साध्या परवानग्यांवर हे काम होतं. 'ओपन_बेसडिर' हे सेटिंग जोडीला लावा, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. पीएचपीला बाहेरची कमांड चालवायची मुभा असेल तर ती कमांड हे बंधन पाळत नाही.

सिमलिंकची पळवाट

एक पळवाट अजून बाकी आहे. सिमलिंक म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी छोटी फाइल. 'मंडळ' युजर आपल्या फोल्डरमध्ये 'यादी डॉट टीएक्सटी' नावाची सिमलिंक तयार करतो आणि तिचं बोट शाळेच्या डब्ल्यूपी-कॉन्फिगकडे करतो. एसएफटीपीतून त्याला ती उघडता येणार नाही, कारण कुंपणाच्या आत तो पत्ताच अस्तित्वात नाही. पण सिमलिंक तयार करायला पत्ता खरा असावा लागत नाही, ती फक्त मजकूर साठवते. मग तो ब्राउझरमध्ये तीच फाइल उघडतो. अपाची कुंपणात नाही. तो सिमलिंकमागे जातो, शाळेची फाइल वाचतो आणि साधा मजकूर म्हणून पासवर्डसकट स्क्रीनवर दाखवतो.

दोन गोष्टी करा:

१. अपाचीत 'फॉलोसिमलिंक्स'ऐवजी 'सिमलिंक्सइफओनरमॅच' वापरा. सिमलिंकचा मालक आणि मूळ फाइलचा मालक एकच असेल तरच अपाची पुढे जातो. सोबत 'अलाउओव्हरराइड'मधून 'ऑप्शन्स' वगळा, नाहीतर युजर आपल्या एचटीॲक्सेस फाइलमधून ते पुन्हा बदलेल. वर्डप्रेसच्या सुबक लिंक या सेटिंगवरही चालतात. एनजिनएक्स वापरत असाल तर तिथे 'डिसेबल_सिमलिंक्स' आहे.

२. डब्ल्यूपी-कॉन्फिगसारख्या फाइल्सना ६०० परवानगी द्या. पीएचपी आता खुद्द मालकाच्या नावाने चालतो, म्हणून त्याला ती वाचता येते. अपाचीला ती वाचायची गरजच नाही.

दुसरा उपाय जास्त भक्कम आहे. पहिल्या सेटिंगबद्दल अपाचीचीच कागदपत्रं सांगतात की त्याला पक्की सुरक्षा समजू नये, कारण तपासणी आणि प्रत्यक्ष वाचन यांच्या मधल्या क्षणात लिंक बदलता येते. म्हणून दोन्ही करा.

डेटाबेसचंही तेच. प्रत्येक साइटला वेगळा डेटाबेस, वेगळा युजर आणि त्याला फक्त आपल्या डेटाबेसचे हक्क. डेटाबेसचा रूट पासवर्ड कोणत्याही साइटमध्ये टाकू नका.

पायरी ५: डिस्कचा कोटा

फाइल सिस्टिमवर युजर कोटा चालू करा आणि सेटकोटा कमांडने मर्यादा घाला. मर्यादा दोन असतात. सॉफ्ट मर्यादा थोडे दिवस ओलांडता येते, ही सवलत मुळात ७ दिवसांची असते. हार्ड मर्यादा ओलांडताच येत नाही. कमांडमध्ये आकडा १ केबीच्या ब्लॉकमध्ये द्यायचा असतो, म्हणजे १ जीबीसाठी १०४८५७६. कोणी किती जागा वापरली ते रेपकोटा दाखवतं.

इथेही वेगळ्या पूलचा फायदा होतो. कोटा फाइलच्या मालकावर मोजला जातो. पीएचपी सगळ्यांसाठी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाने चालत असतं, तर वर्डप्रेसमधून चढवलेले फोटो कोणाच्याच खात्यात धरले गेले नसते. आता ते ज्याचे त्याच्या नावावर जातात. डेटाबेसची जागा मात्र या कोट्यात येत नाही.

सगळं झाल्यावर तपासायचं काय?

झालं असं वाटणं आणि झालेलं असणं यात फरक आहे. स्वतःच चोर बनून बघा:

१. 'मंडळ' नावाने एसएसएच लॉगिन करा. फक्त एसएफटीपीला परवानगी आहे असा संदेश येऊन कनेक्शन बंद व्हायला हवं.
२. फाइलझिलातून शिरा आणि वरच्या फोल्डरमध्ये जायचा प्रयत्न करा. तुमच्याच तीन फोल्डरच्या वर जाता येता कामा नये.
३. सर्व्हरवर सूडो वापरून 'मंडळ' म्हणून शाळेच्या 'वेब' फोल्डरची यादी मागा. नकार यायला हवा.
४. मंडळाच्या साइटवर छोटी पीएचपी फाइल ठेवून शाळेची फाइल वाचायचा प्रयत्न करा. नकार यायला हवा. मग ती फाइल आठवणीने काढून टाका.
५. सिमलिंकची युक्ती करून बघा. ४०३ यायला हवा.

पहिल्या तीन चाचण्या पहिल्या दरवाजाच्या आणि फोल्डरच्या कुलपाच्या, शेवटच्या दोन दुसऱ्या दरवाजाच्या.

नेहमी येणाऱ्या अडचणी

*पासवर्ड स्वीकारला जातो, पण कनेक्शन लगेच तुटतं.* चरूट फोल्डरची मालकी किंवा परवानगी चुकली आहे. ऑथ लॉग बघा. 'नेमआय मायनस एल' ही कमांड वाटेवरच्या प्रत्येक फोल्डरचा मालक आणि परवानगी एका खाली एक दाखवते, चूक लगेच सापडते.

*लॉगिन होतं, पण अपलोड होत नाही.* युजर बाहेरच्या फोल्डरमध्येच थांबला आहे. 'वेब'मध्ये जायला सांगा.

*साइटवर ४०३ येतो.* 'वेब' फोल्डरचा ग्रुप तपासा. युजर तयार केल्यावर ग्रुप बदलायचा राहून गेला असेल.

*वर्डप्रेस अपडेट करताना एफटीपीची माहिती मागतं.* पीएचपी चालवणारा युजर आणि फाइलचा मालक वेगळे आहेत. पूलचा युजर तपासा, किंवा तुम्हीच रूट म्हणून काही फाइल्स टाकल्या असतील तर त्यांची मालकी बदला.

*कुंपणाबाहेरचं सामायिक फोल्डर सगळ्यांना द्यायचंय.* सिमलिंक चालणार नाही. बाइंड माउंट वापरा.

युजर काढताना

मंडळाने दुसरीकडे जायचं ठरवलं तर? युजरमॉडने पासवर्ड लॉक केला म्हणजे खातं बंद झालं असं नाही, एसएसएच कीने लॉगिन होतच राहतं. खात्याची मुदत संपवणारा पर्याय वापरा, म्हणजे दोन्ही वाटा बंद होतात. मग त्याचा एफपीएम पूल, व्हर्च्युअल होस्ट, क्रॉन आणि डेटाबेस युजर काढा. बॅकअप देऊन झाल्यावर फाइल्स हलवा आणि सगळ्यात शेवटी युजर डिलीट करा.

फाइल्स तशाच ठेवून युजर डिलीट करू नका. लिनक्स मालक म्हणून नाव नाही तर नंबर साठवतो. पुढे तयार केलेल्या नव्या युजरला तोच नंबर मिळाला, तर जुन्याच्या फाइल्सचा मालक तो होतो.

हे सगळं हाताने करायलाच हवं का?

नाही. सीपॅनल, व्हर्च्युअलमिन किंवा हेस्टिया यांसारखी कंट्रोल पॅनल यातलं बरंचसं आपोआप करतात. दहा-पंधरा ग्राहक असतील आणि रोज नवीन येत असतील तर पॅनलच घ्या. पण पॅनल घेतलं तरी वरच्या पाच चाचण्या करून बघा. दोन-चारच साइट्स असतील तर हाताने करणं परवडतं, आणि बिघडलं तर कुठे बघायचं हेही कळतं.

या रचनेची एक मर्यादाही लक्षात ठेवा. पीएचपी मालकाच्या नावाने चालतं, म्हणून मंडळाच्या साइटमध्ये कोणी शिरलं तर त्याला मंडळाच्या सगळ्या फाइल्स बदलता येतात. ती साइट वाचत नाही. वाचतात त्या शेजारच्या. बिघडलेल्या साइटसाठी सर्व्हरच्या बाहेर ठेवलेला बॅकअप हाच उपाय आहे.

थोडक्यात

- बाहेरचं फोल्डर रूटचं, आतलं युजरचं, दारावर ७५०.
- एसएफटीपीला चरूट, शेल बंद, टीसीपी फॉरवर्डिंग बंद.
- प्रत्येक साइटला स्वतःचा पीएचपी-एफपीएम पूल आणि स्वतःचा डेटाबेस युजर.
- सिमलिंकवर मालकीची अट, पासवर्ड असलेल्या फाइल्सना ६००.
- कोटा लावा, चाचण्या करा, बॅकअप दुसरीकडे ठेवा.

आज सगळं करायला वेळ नसेल, तर निदान एक तपासा: तुमच्या सर्व्हरवर तिन्ही साइट्सचा पीएचपी कोड कोणत्या नावाने चालतो? तिन्हींचं उत्तर एकच येत असेल, तर सुरुवात तिथूनच करा.